वरणाची बादली

आमचं बिछायत केंद्र आहे. म्हणजे गावात लग्न असो, बारसं असो की तेरवी, मांडवापासून वरण वाढायच्या ओगराळ्यापर्यंत सगळा पसारा आमच्या गोदामातून जातो आणि खरकटा होऊन परत येतो. माझं लग्न ठरलं तेव्हा मुलगा काय करतो, असं माझ्या मावशीनं विचारलं. अनसिंगला भांडी भाड्यानं देतो, असं कळल्यावर ती म्हणाली, "मंग घासते कोन?" सगळे हसले, मीही हसले. उत्तर मला लग्नानंतरच्या पहिल्या लग्नसराईत मिळालं.

या धंद्यामुळे गावच्या पंगतींचा कारभारही माझ्या नवऱ्याकडे आपसूक आला आहे. हल्ली बुफे फार झाले, पण आमच्याकडे बऱ्याच लग्नांत अजून निदान एखादी पंगत बसते आणि वाढायला गल्लीतलीच पोरं असतात. त्यांच्यात एक उतरंड आहे. लहानग्यांकडे मीठ आणि लिंबाच्या फोडी. ते जमलं की पाण्याचा जग. मग पोळ्या, मग वांग्याची भाजी. बुंदी त्याच्याकडे, जो वाटेत मूठ मारणार नाही. आणि सगळ्यात शेवटी वरण. वरण पातळ असतं, चटका बसेल इतकं गरम असतं, आणि ते पाहुण्याच्या भाताच्या आळ्यात पडायला हवं, त्याच्या नव्या पँटवर नाही. वरणाची बादली कुणाच्या हाती देताना माझा नवरा असा चेहरा करतो की बघणाऱ्याला वाटावं, तहसीलदाराची नेमणूक चालली आहे.

आमची मुलगी जन्मली तेव्हा तिचा डावा हात कोपराच्या थोडा खाली येऊन थांबलेला होता. डॉक्टरीणबाईंनी तिला माझ्या कुशीत दिलं आणि सांगितलं, पोटात असताना कधी कधी हात असा वाढायचा राहून जातो, यात तुमचं काही चुकलेलं नाही, पोरगी ठणठणीत आहे. ठणठणीत होतीच, रडून अख्खा वॉर्ड डोक्यावर घेतला होता तिनं. मीही रडले. दुसऱ्या दिवशी ती पोटभर प्यायली, त्या छोट्या हातानं मला रेटा देऊन झोपली आणि माझं रडणं थांबलं. पुढे भेटायला येणाऱ्या बायांनी ते पुन्हा सुरू करायचा प्रयत्न केला. एकीनं विचारलंच, "ग्रहनात काय चिरलं वं तू?"

"मी त झोपून व्हती," मी म्हटलं. "पन तुमच्या टायमाले तुमच्या मायनं मिरच्या चिरल्या असतीन. जिभेवरून वाटते."

ती बाई पुन्हा आली नाही. आमचा तेवढा चहा वाचला.

घरात आम्ही छोटा हात आणि मोठा हात असंच म्हणतो. छोट्या हाताखाली लसणाची कांडी दाबून धरून ती भराभर पाकळ्या सोलते, दप्तर त्याला अडकवते, आणि भांडणात त्याचा उपयोग कसा होतो ते शेजारची पोरं सांगतील. अशा मुलांच्या आयांचा फोनवर एक ग्रुप आहे, त्यात मी आहे. निम्मे संदेश गुलाबाच्या फुलांचे असतात, पण उरलेल्या निम्म्यांनी मला फार शिकवलं. सलवारची नाडी एका हातानं कशी बांधायची हे मला कोकणातल्या एका बाईनं व्हिडिओ पाठवून दाखवलं. त्या सगळ्या जणी एक गोष्ट सारखी सांगायच्या की लेकरू काही करू पाहत असेल तर लगेच धावू नका, जरा थांबा. गंज उचलणं मला जड जात नाही, आणि आमचे गंज म्हणजे गावजेवणाचा भात शिजेल एवढाले. पण असं थांबणं मला फार जड गेलं. मी जात्याच घाईची.

गाव काही वाईट नाही. तिला कुणी चिडवलं नाही, उलट लाडच केले. आणि तिथंच घोळ झाला. कुठंही पंगत असली की कुणीतरी म्हणायचं, "लेकराले पैले बसवा." पहिल्या पंगतीत एका बाजूला दात पडलेले आजोबा, दुसऱ्या बाजूला बाहेरगावचे पाहुणे आणि मधे माझी मुलगी. तिच्या पत्रावळीवर बुंदी दुप्पट पडायची. लहान होती तोवर तिनं ती मिटक्या मारत खाल्ली. मग तिच्या मैत्रिणी मिठावरून पाण्यावर गेल्या, पाण्यावरून पोळ्यांवर गेल्या. ही अजून आजोबांशेजारीच. सातवीत गेली त्या वर्षी एका बारशाहून ती तणतणत घरी आली आणि चप्पल भिरकावून म्हणाली, "मी काय पाहुनी हाय काय या गावात?"

त्याच सुमाराला माझ्या नणंदेचं लग्न ठरलं. मुलगा रिठदचा, शेती आणि ट्रॅक्टरचं काम करणारा. त्याचे वडील जुन्या वळणाचे. बुफेचं नाव काढताच ते म्हणाले होते, "उभ्यानं ढोरं चरते. आमी बसून जेवनार." माझा नवरा खूश झाला. आणि त्या रात्रीच्या जेवणात माझ्या मुलीनं जाहीर केलं, "आत्याच्या लग्नात वरन मी वाढीन."

"मीठ वाढ," तिचा बाप म्हणाला.

"मीठ बारके पोट्टे वाढते. मी वरन वाढीन. इवायाच्या पंगतीत."

व्याह्यांची पंगत म्हणजे लग्नातली सगळ्यात नाजूक जागा. तिथं भाजीत मीठ कमी पडलं तरी ते पुढची कित्येक वर्षं निघतं. नवरा माझ्याकडे बघायला लागला. मी ग्रुपवरच्या बायांना आठवून तोंड आवरलं आणि त्याच्या ताटात भाकर वाढली.

खरी अडचण वेगळीच होती आणि ती सासूबाईंनी बोलून दाखवली. आम्ही दोघी तूरडाळ निवडत बसलो होतो. ताटावरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "पोरीले इवायाच्या पंगतीत जाऊ नको देऊ. बाकीच्या पंगती वाढू दे."

"काहून?"

"तुले मालूम हाय काहून."

मला माहीत होतं. याआधी नणंदेचं एक स्थळ अगदी जमत आलं होतं. ती मंडळी घरी आली तेव्हा पोह्यांच्या बशा माझ्या मुलीनंच नेऊन दिल्या. दोन दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका तर त्यांनी आधीच जुळवून पाहिली होती. कुणी काही बोललं नाही, पण घरात सगळ्यांना कळलं. म्हणून या वेळी रिठदची मंडळी यायची होती तेव्हा सासूबाईंनी मला पोरीसकट माहेरी पाठवलं होतं, "जा, चार दिवस आराम कर," असं म्हणून. एवढा प्रेमाचा आराम मला त्या घरात पहिल्यांदाच मिळाला होता, मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

"लग्न लागल्यावर आता कायची भीती?" मी विचारलं.

"लागल्यावरच त खरी. तुही ननंद त्यायच्या घरी जाईन. उद्या दिवस गेले त घरान्यातच हाय म्हनतीन. जलमभर टोमने खाईन माही पोरगी."

माझं डोकं फिरलं. मी सूप असं आपटलं की डाळ चुलीपर्यंत उडाली. बोलायला तोंड उघडलं आणि त्यांच्या बोटांकडे लक्ष गेलं. ती एकच खडा वेचून पुन्हा डाळीतच टाकत होती. याच बोटांनी त्यांनी माझ्या मुलीच्या छोट्या हाताला तेल लावलं होतं, रोज, मी बाळंतिणीच्या खोलीतून उठेपर्यंत आणि त्यानंतरही. त्यांना नातीची लाज वाटत नव्हती, लेकीची काळजी वाटत होती. त्यामुळे मला धड भांडताही येईना. राग आला होता आणि भीतीही वाटत होती, की माझ्या मुलीच्या हौसेपायी नणंदेचा संसार खरंच बिघडला तर? मी खाली बसून उडालेली डाळ वेचली.

भिंतीपलीकडून नणंदेनं सगळं ऐकलं होतं. सकाळी चहाच्या वेळी तिनं सांगून टाकलं, "म्या त्याले फोन केला. भाचीचं सांगितलं."

सासूबाईंची बशी हातातच राहिली. "काय म्हने?"

"म्हने, मंग?"

"मंग काय?"

"काई नाई. तेवढंच म्हने. मंग?"

"आन त्याचे मायबाप?"

"त्यायले तो सांगन का नाई, मले मालूम नाई. पन वरन माही भाचीच वाढन."

सासूबाई म्हणाल्या, "करा तुमच्या मनानं." आमच्या घरात याचा अर्थ 'खबरदार' असा होतो. पण नवरीनंच हट्ट धरल्यावर पुढे कुणाचं काही चाललं नाही.

तयारीला लागलो. मागे एका शिबिरात मुलीला नकली हात बसवून मिळाला होता, गव्हाळ रंगाचा, नखांसकट. एक दिवस ती तो घालून शाळेत गेली आणि दप्तरात टाकून परत आली. "उकडते," म्हणाली. तेव्हापासून तो कपाटात पडून होता. तिच्या बापाला वाटलं, आता त्याचं काम निघालं. त्यानं हळदीचं पाणी भरलेली बादली त्या हाताच्या बोटांत अडकवली. मुलीनं ती उचलली, दोन पावलं चालली, आणि बादली हातासकट अंगणात जाऊन पडली. कोंबड्या किंचाळत उडाल्या. मुलगी जी हसत सुटली ती पोट धरून खाली बसली. नवऱ्यानं हात उचलला, धुऊन पुसला आणि अगदी मानानं पुन्हा कपाटात ठेवला.

मग मांडवाच्या पट्ट्यानं बादली खांद्याला बांधून पाहिली, तर ती गुडघ्यांवर आदळायला लागली. शेवटी मुलगीच म्हणाली, "तुमी दोघंबी आत जा." आम्ही आत गेलो. म्हणजे खिडकीशी उभे राहिलो. तिनं गोदामातून लहान लहान गंज आणले, ओळीनं पालथे घातले, हे तिचे पाहुणे. बादली लहान घेतली, अर्धीच भरली. कडी छोट्या हाताच्या कोपरात अडकवली, खाली दुपट्याची घडी. वाकली की बादली कलायची आणि पहिल्या गंजाला हळद लागायची. पुन्हा वाकली, पुन्हा तेच. मी खिडकीची सळई घट्ट धरून ठेवली होती, कारण सुटली असती तर मी धावले असते. बऱ्याच वेळानं तिनं वाकणंच सोडलं. ती गंजापुढे उकिडवी बसली, बादली टेकवली आणि ओगराळं सरळ भरलं.

"बादली जमिनीले टेकवाची नाई!" बाप खिडकीतून ओरडला. "पंगतीत चालत नाई ते."

तिनं जरा विचार केला. दुपटं गुडघ्यावर पसरलं आणि बादली त्यावर टेकवली. कोपराचा आधार, गुडघ्याची बैठक आणि मोठा हात ओगराळ्याला मोकळा. बापाजवळ यावर नियम नव्हता.

तरी परीक्षा झालीच. तो पांढरा पायजमा घालून तिच्यापुढे मांडी घालून बसला. पहिल्या खेपेला हळदीचं पाणी त्याच्या मांडीवर गेलं आणि तो "भाजलो, भाजलो" म्हणून उठला. पाणी हौदातलं, गार. आम्ही दोघी त्याला आजतागायत ते ऐकवतो. पण पुढच्या आठवड्याभरात एक थेंबही सांडेनासा झाला, तेव्हा त्यानं आपला तो तहसीलदारी चेहरा करून बादली तिच्या नावावर केली.

लग्न भर वैशाखात. कूलर नुसतेच गरगरत होते, त्यातून येणारा वारा आमच्या चुलीच्या झळेसारखाच होता. अक्षता पडल्या, वाजंत्री थांबली आणि व्याह्यांची पंगत बसली. पोळ्या झाल्या, भाजी झाली, भात पडला. वरणाची बादली घेऊन माझी मुलगी निघाली. तिच्या मागोमाग तुपाची वाटी घेऊन सासूबाई, कारण व्याह्यांना तूप मुलीच्या आईनंच वाढायचं ही आमच्या घरची रीत. वरणाच्या मागे तूप येतं, त्यामुळे त्यांची सुटका नव्हती. मी पोळ्यांची परात घेऊन पडद्याशी उभी होते. परात रिकामी आहे हे माझ्या लक्षात नव्हतं.

पहिल्याच पानावर नवरदेवाचे वडील. धिप्पाड माणूस, गुलाबी फेटा. मुलगी त्यांच्यापुढे उकिडवी बसली, बादली गुडघ्यावर घेतली. त्यांची नजर छोट्या हातावर गेली आणि तिथंच राहिली.

"वरन, मामाजी?"

त्यांनी दोन्ही पंजे पत्रावळीवर आडवे धरले.

आता, पंगतीत हात आडवा धरणं म्हणजे नको असं नसतंच. ते आग्रहाचं आमंत्रण असतं, लहान पोरालाही ठाऊक आहे. पण भातावर वरण पडायच्या आधी कुणी हात आडवा धरत नाही. कोरडा भात कोण खातं? सासूबाई जागच्या जागी खिळल्या. तुपाची वाटी कलली आणि तुपाची धार त्यांच्या नव्या लुगड्यावरून खाली गेली. मला वाटलं, झालं. हा माणूस माझ्या पोरीच्या हातचं खात नाही. मी पडदा सरकवला आणि पाऊल टाकलं.

माझी मुलगी मात्र पंगतीच्या शाळेत शिकलेली. हात आडवा दिसला की आग्रह करायचा एवढंच तिला माहीत. ती ठणकावून म्हणाली, "हे बरं हाय मामाजी! मी एका हातानं वाढून राह्यली आन तुमी दोन दोन हातानं अडवून राह्यले. एक काढा पाह्यले. बराबरीचं होऊ द्या."

मग फेट्याखालून असं हसू फुटलं की शेजारच्याच्या हातातला घास पडला. त्यांनी एक हात काढला आणि पाठीमागे नेला. "घे," म्हणाले. "आता लढ." दुसरा हात पत्रावळीवर फिरवत राहिले. ही ओगराळं घेऊन टपून होती. हात जरा सरकला आणि वरण नेमकं भाताच्या आळ्यात. फेटा हसून हसून वाकडा झाला.

"कोनाची वं तू?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडलं, पण आवाज सासूबाईंचा आला. "माही नात हाय," त्या म्हणाल्या, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा. "मोठ्या पोराची पोरगी. जलमल्यापासून असाच हात हाय तिचा." आणि वाटीत उरलेलं सगळं तूप त्यांनी एकट्या व्याह्यांच्या भातावर ओतलं.

"अवं, मारता का काय तुपानं?" व्याही म्हणाले. मग मुलीकडे वळले. "पोरगं सांगे मले, भाची लय भांडखोर हाय म्हने. म्हटलं पाहूच."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. हात आडवे धरले ते मुद्दाम, भांडण काढायला. त्या क्षणी त्या माणसाचा मला इतका राग आला की परात त्याच्या फेट्यावर ठेवावी वाटली, आणि इतका आनंद झाला की मी ती रिकामी परात घेऊन उगाच ओळीतून चालत गेले आणि लोक पोळी मागत असताना हसत राहिले. ओळीतले बाकीचेही मग चेकाळले. प्रत्येकानं हात आडवा धरला, प्रत्येकाशी ती भांडली. त्या पंगतीत वरण इतकं खपलं की आचाऱ्यानं दोनदा वरणात पाणी वाढवलं. सासूबाई तुपाची दुसरी वाटी भरायला आत आल्या, भिंतीला टेकल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. मी पाणी दिलं. "काई बोलू नको," त्या म्हणाल्या.

बायांची पंगत बसली तेव्हा नणंदेच्या सासूनं मला ओढून शेजारी बसवलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं. दुरून मुलगी ओळीत पुढे पुढे येत होती. फ्रॉकवर वरणाचे डाग, केस घामानं कपाळाला चिकटलेले, दुपटं पिवळं झालेलं. आजवर काहीही नवीन करताना ती आधी माझ्याकडे बघायची. शर्टाचं पहिलं बटण लावताना, सायकलवर पहिल्यांदा बसताना, मी शाळेच्या दारात उभी असताना फळ्यावर लिहायला उठताना. करू का, असं डोळ्यांनी विचारायची, आणि मी मानेनं हो म्हणायचे. मला वाटलं, आता माझ्यापुढे येईल, बघेल, हसेल. मी मान हलवायला तयार होऊन बसले.

ती आली, उकिडवी बसली, बादली गुडघ्यावर टेकवली. तिची नजर माझ्या भातावर होती.

"घेतं का नाई?" ती म्हणाली. "लवकर सांग, मांगं लोक बसून हायेत."

मी मान हलवायला घेतली. तिनं वाट पाहिली नाही. ओगराळंभर वरण आळ्यात घातलं, कडी कोपरात सरकवली आणि उठून पुढच्या पानावरच्या म्हातारीकडे गेली.

"आजी, वरन?"